उसनी वस्तू नेमकी कोणाची?

पायथनमध्ये लाखो आकड्यांवर क्षणात गणित उरकायचं तर ‘नमपाय’ वापरायचं, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थीही सांगेल. हा वेग मात्र पायथनचा नव्हे. नमपायचा गाभा सी भाषेत लिहिलेला आहे आणि तो पायथनला बाहेरून जोडलेला आहे. अशा जोडणीला एक्स्टेन्शन म्हणतात. पायथनमध्ये नको झालेल्या वस्तूंची मेमरी भाषा स्वतःच मोकळी करते. सीमध्ये ती लिहिणाऱ्याने मोकळी करायची असते. मग पायथनने घडवलेली वस्तू सीच्या हातात गेल्यावर ती कोणी सांभाळायची, कोणी सोडायची? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाने भल्याभल्यांचे प्रोग्रॅम कोसळवले आहेत.

मेमरीतला कचरा उचलण्याच्या दोन्ही मूळ पद्धती 1960 सालच्या. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी मांडलेली पद्धत अशी: चालू प्रोग्रॅमच्या हाताशी असलेल्या वस्तूंपासून निघायचं, तिथून जिथवर पोचता येईल तिथवर खुणा करत जायचं आणि बिनखुणेचं सगळं मोकळं करायचं. जॉर्ज कॉलिन्स यांनी त्याच वर्षी मोजणीची पद्धत सुचवली. एखाद्या वस्तूला कितीजणांनी धरून ठेवलं आहे तो आकडा ठेवायचा. शून्य झाला की वस्तू गेली. रुबी आणि जावा पहिल्या वाटेने जातात, पायथन मुख्यतः दुसऱ्या. दोन वस्तूंनी एकमेकींना धरलं तर आकडा कधीच शून्यावर येत नाही, म्हणून 2000 साली आवृत्ती 2.0 मध्ये पायथनला अशी चक्रं शोधणारी वेगळी यंत्रणा जोडावी लागली.

सीमध्ये हा आकडा हाताने वाढवावा आणि कमी करावा लागतो. कमी करायचं विसरलं तर मेमरी गळत राहते. वाढवायचं विसरलं तर वस्तू वापरात असतानाच नाहीशी होते. वस्तूला धरून ठेवण्याच्या अशा प्रत्येक धाग्याला संदर्भ म्हणतात. याहून फसवा प्रकार उसन्या संदर्भाचा. ‘पायलिस्ट-गेटआयटम’ हे फंक्शन यादीतली वस्तू देतं, पण आकडा न वाढवता. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात याचं एक उदाहरण आहे आणि ते प्रत्येक एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याने वाचायलाच हवं. यादीतली शून्य क्रमांकाची वस्तू उसनी घेतली. मग एक क्रमांकाच्या जागी नवी वस्तू ठेवली. शून्य क्रमांकाला कोणी हातही लावला नाही, तरी पुढच्याच ओळीत ती वापरताना प्रोग्रॅम कोसळू शकतो! कारण एक क्रमांकाची जुनी वस्तू बाहेर पडताना तिचा आकडा शून्य होतो आणि तिने मरताना चालवायचा कोड ठेवला असेल तर तो चालतो. त्या कोडने यादीतली शून्य क्रमांकाची वस्तू काढून टाकली, की आपल्या हातात उरतो रिकाम्या जागेचा पत्ता. पायथनच्या एका जुन्या आवृत्तीतही या जातीच्या चुका होत्या, असं तोच दस्तऐवज सांगतो.

रुबीत मोजणी नाही, त्यामुळे काम सोपं वाटतं. कचरा गोळा करताना रुबी सीचा स्टॅक आणि प्रोसेसरची रजिस्टरं चाळते आणि वस्तूचा पत्ता भासेल असं काहीही दिसलं की ती वस्तू जिवंत धरते. पण मध्ये कंपायलर आहे. आपण एखाद्या स्ट्रिंगमधल्या अक्षरांचा थेट पत्ता घेतला आणि नंतर ती स्ट्रिंग नावाने वापरलीच नाही, तर वेगासाठी कंपायलर तिचा पत्ता ठेवलेली जागा दुसऱ्या कामाला लावतो. त्याच वेळी सफाई सुरू झाली तर स्ट्रिंग कुठेच दिसत नाही, ती मोकळी होते आणि आपण मेलेली अक्षरं वाचत बसतो. यावर उपाय म्हणून ‘आरबी-जीसी-गार्ड’ आहे. ते अक्षरांच्या शेवटच्या वापरानंतर लिहायचं असतं, आधी लिहून उपयोग नाही.

जावाने जास्त शहाणपण दाखवलं. तिथे बाहेरच्या फंक्शनला मिळालेला स्थानिक संदर्भ ते फंक्शन संपताच बाद होतो. वस्तू पुढे हवी असेल तर जागतिक संदर्भ मागून घ्यावा लागतो आणि काम झाल्यावर परतही करावा लागतो.

माझं मत स्पष्ट आहे: दोष फक्त विसरणाऱ्या प्रोग्रॅमरचा नाही. पायथनच्या सी फंक्शनांपैकी एक वस्तू उसनी देतं, दुसरं तिचा ताबा घेतं, तिसरं आपल्यापुरता आकडा वाढवून घेतं, आणि यातलं काहीच फंक्शनच्या नावावरून कळत नाही. ऑक्टोबर 2024 मधल्या 3.13 आवृत्तीत ‘पायलिस्ट-गेटआयटमरेफ’ आलं. ते आकडा वाढवूनच वस्तू देतं. हे पहिल्यापासून असंच असायला हवं होतं.

एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती: आपल्या संगणकावर एकदा चाललं म्हणून समाधान मानू नका. रुबीत ‘जीसी-स्ट्रेस’ चालू करा, म्हणजे जिथे शक्य तिथे सफाई होईल आणि लपलेली चूक तिथल्या तिथे उघडी पडेल. पायथनची डीबग आवृत्ती तयार करून त्यात एकूण संदर्भांचा आकडा पाहत राहा. तेच काम पुन्हा पुन्हा करताना तो चढतच गेला, तर गळती शोधल्याशिवाय ते एक्स्टेन्शन दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका.