सरकारी निविदा, परदेशी माल आणि आपली सही

बारामती, इंदापूर, भिगवण या भागात सीसीटीव्ही, संगणक आणि वायरिंगची कामे करणाऱ्या लहान दुकानदारांनी सरकारी निविदा भरायच्या म्हटल्या की कागदांचा मोठा गठ्ठा पुढे येतो. त्यात एक हमीपत्र असते. भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतील पुरवठादारांवरील निर्बंध आपण वाचले असून आपण त्यात बसत नाही, असा त्याचा आशय असतो. पुष्कळदा ते न वाचताच सही होते. म्हणून या सहीचा अर्थ आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चकमक झाली. पाठोपाठ २३ जुलै २०२० रोजी केंद्रीय अर्थखात्याने सामान्य वित्तीय नियमांतील नियम १४४ मध्ये दुरुस्ती केली. जमिनीची सीमा भारताला लागून असलेल्या देशातील कंपनीला सरकारी निविदा भरायची असेल तर आधी केंद्राच्या समितीकडे नोंदणी करावी लागेल, परराष्ट्र व गृह खात्यांची संमती लागेल, असे त्यात ठरले. भारत ज्या शेजारी देशांना विकासासाठी कर्ज वा साहाय्य देतो, त्यांना वगळण्यात आले. त्यामुळे नियमाचा खरा रोख चीनवर होता. राज्य सरकारांनाही हा आदेश लागू करण्यात आला.

येथे केवळ कंपनीचा पत्ता पाहत नाहीत, तिची मालकी पाहतात. कंपनी पुण्यात नोंदलेली असली, पण तिचे पंचवीस टक्क्यांहून अधिक भाग अशा देशातील मालकाच्या हाती असले, तर तीही नियमात येते. मालाबाबत अर्थखात्याने नंतर खुलासा केला. सुटे भाग त्या देशातून आणलेले चालतात. मात्र तेथील विक्रेत्याचा तयार माल पुरवायचा असेल तर त्या विक्रेत्याची नोंदणी हवी. हमीपत्र खोटे ठरले तर कंत्राट तात्काळ रद्द होते आणि कायदेशीर कारवाई होऊ शकते. माल घाऊक व्यापाऱ्याचा असला तरी सही आपली असते, हे विसरू नये.

महाराष्ट्राला या विषयाची झळ लवकरच जाणवली. जून २०२० मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मोनोरेलच्या दहा गाड्यांची निविदा रद्द केली. निविदा भरणाऱ्या दोन्ही कंपन्या चिनी होत्या. पुढे ते काम हैदराबादच्या मेधा कंपनीला मिळाले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल गाड्या जागीच थांबल्या. यामागे संगणकीय घातपाताचा संशय असल्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी मार्च २०२१ मध्ये सांगितले. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ती मानवी चूक असल्याचे म्हटले. खरे कारण कोणतेही असो, वीज, फोन आणि कॅमेरे ही यंत्रणा दुसऱ्याच्या हाती असू नये, ही जाणीव त्यातून वाढली.

आपल्या दुकानदारांशी सर्वांत जवळचा नियम सीसीटीव्हीचा आहे. सरकारी कार्यालयांतील सुमारे दहा लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांतील चित्रण परदेशी सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे, असे केंद्राने २०२१ मध्ये संसदेत सांगितले होते. ९ एप्रिल २०२४ रोजी कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या कसोट्या जाहीर झाल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. यात कंपनी कोणत्या देशाची हा प्रश्न नाही. देशी असो वा परदेशी, प्रत्येक कंपनीला आपला कॅमेरा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो. प्रयोगशाळा थोड्या आणि अर्ज फार, अशी उत्पादकांची तक्रार तेव्हा होती. तपासणीचा खर्च शेवटी मालाच्या किमतीत येतो, हेही खरे.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. सहकारी साखर कारखाना किंवा खासगी दवाखाना म्हणजे सरकारी खाते नव्हे; त्यांच्या खरेदीला नियम १४४ आपोआप लागत नाही. पण कॅमेऱ्याच्या कसोट्या विक्रीलाच लागू असल्याने गिऱ्हाईक कोणीही असले तरी त्या टळत नाहीत.

आमच्या मते झेंडा पाहून बंदी घालण्यापेक्षा वस्तू तपासून निर्णय घेणे अधिक न्याय्य आहे. देशी खोक्यातील कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाच नाही, तर तोही चोराला उघडाच असतो. मात्र वीज व दूरसंचार यांसारख्या नाजूक यंत्रणांत मालक कोण हे विचारणे सरकारचे कर्तव्य आहे.

तेव्हा निविदा भरण्यापूर्वी एवढे करावे: घाऊक व्यापाऱ्याकडून मॉडेलनिहाय तपासणी प्रमाणपत्र आणि माल कोठे बनला याचे लेखी पत्र घ्यावे. बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून मागच्या निविदेची नक्कल न करता या वेळची अट वाचावी. स्वस्त मालात वाचलेल्या दोन पैशांपायी अनामत आणि नाव दोन्ही गमावणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.