पुरा फेरा न घेणारं बेअरिंग

प्युजो २०५ ही छोटी फ्रेंच गाडी १९८३ मध्ये बाजारात आली. तिची डिकी उघडली तर तळ सपाट आणि रुंद दिसतो. मागचे शॉक-ॲब्सॉर्बर गाडीखाली जवळजवळ आडवे निजवलेले आहेत आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा मुळातच नाहीत. मागचा भार पेलतात दोन पोलादी सळया, म्हणजे टॉर्शन बार. प्रत्येक सळईचं एक टोक चाक धरणाऱ्या ट्रेलिंग आर्ममध्ये घट्ट बसतं, दुसरं पलीकडच्या बाजूच्या ब्रॅकेटमध्ये. चाक उचललं गेलं की सळई पिळली जाते, आणि पीळ सुटताना चाक पुन्हा खाली येतं. अँटी-रोल बारसुद्धा दोन्ही आर्मना जोडणाऱ्या आडव्या नळीच्या पोटात दडवलेली! पुढे ३०९, १०६, ३०६ आणि २०६ या गाड्यांनाही हीच रचना मिळाली. यांपैकी ३०९ नव्वदच्या दशकात प्रीमियर आणि प्युजो यांच्या भागीदारीतून आपल्या कल्याणला तयार होत असे.

एवढ्या हुशार रचनेचं दुखणं मात्र काडीएवढ्या सुयांच्या बेअरिंगमध्ये आहे. आर्मचा पोकळ शाफ्ट आडव्या नळीत अशा बेअरिंगवर हलतो. चाकाचं बेअरिंग गरागरा फिरतं, त्यामुळे त्यातलं ग्रीस सतत घोळलं जातं. हे बेअरिंग मात्र जन्मात एकदाही पुरा फेरा घेत नाही. काही अंश वर, काही अंश खाली, बस्स. त्याच सुया त्याच रेषांवर दाबल्या जातात आणि तिथलं ग्रीस बाजूला सरतं ते सरतंच. त्यात सील कडक होऊन पाणी शिरलं की गंज धरतो. सुयांची तांबूस पूड होते, शाफ्टवर खाचा पडतात आणि आर्म तिरका होतो. मागून पाहिलं तर चाकांचे माथे आत झुकलेले दिसतात, टायर आतल्या कडेनं झिजतात, खड्ड्यातून जाताना करकर ऐकू येते. अनेकजण ती करकर शॉक-ॲब्सॉर्बरच्या माथी मारून तेच बदलून घेतात, पैसे वाया.

दुरुस्तीत खरा घाम काढतात त्या सळया. टोकांचे दाते गंजून आर्ममध्ये असे चिकटतात की स्लाइड हॅमरचे ठोके घालत बसावं लागतं. त्याआधी गाडीची मागची उंची मोजायची आणि दात्यांवर पंचनं खुणा करायच्या, कारण सळई एक दाता जरी चुकीची बसली तरी गाडी एका अंगाला कलते. जोडणी करताना शॉक-ॲब्सॉर्बरच्या जागी ठरलेल्या लांबीची पट्टी बोल्टनं बसवतात, म्हणजे आर्म नेमक्या कोनात धरून राहतो. जुना शाफ्ट हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून काढायचा आणि नवा तसाच बसवायचा. खाचा पडलेल्या शाफ्टवर नुसती नवी बेअरिंगं घालणं म्हणजे तेच काम लवकरच पुन्हा ओढवून घेणं. नळी आतून खाल्ली गेली असेल, तर अख्खा मागचा ॲक्सलच बदलावा लागतो.

या प्युजोंपैकी एखादी जुनी गाडी घ्यायची असेल, तर इंजिन ऐकण्याआधी मागे उभं राहून चाकं बघा आणि टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. एका बाजूचा आर्म गेलेला दिसला, तर काम दोन्ही बाजूंचं धरूनच भाव करा.