रेड वाईन: जुनी तितकी चांगली? भंडाऱ्याच्या उन्हात तर नाहीच

भंडारा असो, तुमसर असो की साकोली, रेड वाईनचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच, "जितकी जुनी, तितकी चांगली." हे ऐकून नवखा माणूस दुकानात जाऊन जुनी बाटली मागतो. वरच्या फळीवर धूळ खात पडलेली, दोन-तीन उन्हाळे काढलेली बाटली पूर्ण छापील किमतीला घरी येते. पहिलाच घोट आंबट आणि निर्जीव लागतो, आणि तो ठरवून टाकतो की वाईन आपल्यासाठी नाही. पैसे गेले ते गेलेच, वर मतही चुकीचं बनलं. हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता ते वाक्य ऐकलं तरी चीड येते.

हा समज आला कुठून, ते कळतं. आपला जिल्हा धानाचा. जुना तांदूळ मोकळा शिजतो आणि भावही जास्त खातो, हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. शिवाय व्हिस्कीच्या बाटलीवर '१२ वर्षे' असं मिरवलेलं असतं. पण ती बारा वर्षं व्हिस्कीने लाकडी पिंपात काढलेली असतात. बंद बाटलीत ती जवळजवळ आहे तशीच राहते. वाईन मात्र बाटलीतही बदलत राहते. द्राक्षाच्या सालीतून आलेलं टॅनिन, म्हणजे जिभेला जाणवणारा तुरटपणा, हळूहळू मऊ होऊन तळाशी बसतं आणि ताज्या फळाचा वास ओसरत जातो. ज्या वाईनमध्ये टॅनिन, आम्लता आणि फळ मुळातच भरपूर असतं, तिला हा बदल मानवतो. बोर्दोच्या नामांकित वाईन किंवा इटलीची बारोलो अशा असतात. बाकी जगातल्या बहुतांश वाईन ताज्या प्यायलाच बनवलेल्या असतात. नवख्याच्या खिशाला परवडणारी रेड वाईन तर हमखास त्यातलीच.

आणि बारोलोलाही हे वय मानवतं ते १२ ते १५ अंशांच्या अंधाऱ्या तळघरात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. मग पंख्याखालच्या फळीवर वाईनचं काय होत असेल? ती मुरत नाही, शिजते. तळघर खणूनही फारसं साधणार नाही, कारण खोल जमिनीचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ असतं आणि आपली सरासरी सत्तावीसच्या आसपास आहे.

म्हणून दुकानात उलटं मागा: सगळ्यात अलीकडचं साल. लेबलवरचं साल द्राक्षतोडणीचं असतं. नाशिककडे ही तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपात आपल्याकडचा पावसाळा सरताना. साल छापलेलं नसेल तर मागच्या बाजूला बाटली भरल्याचा महिना शोधा. दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या, फ्रीजमधली किंवा एसीतली घ्या. नाशिकहून इथवर सुमारे सातशे किलोमीटर ती बहुधा तापत्या ट्रकमधून आलेली असते, त्यामुळे उन्हाळ्याआधी आलेल्या मालाला मी नेहमीच झुकतं माप देईन. बूच वर आलेलं असेल किंवा गळ्याशी चिकट ओघळ दिसला, तर बाटली सरळ परत करा.

दुसरा समज किमतीचा: महाग ती उत्तम. यावर लोक वाद घालतात, म्हणून आधार देतो. २००८ साली 'जर्नल ऑफ वाईन इकॉनॉमिक्स'मध्ये सहा हजारांहून अधिक अंध चाचण्यांचा अभ्यास आला. किंमत माहीत नसताना सामान्य लोकांना महाग वाईन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. त्यात आपल्याकडे परदेशी बाटलीच्या किमतीत कर केवढा! आयात शुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के होतं. म्हणजे शंभर रुपयांची वाईन बंदरावरच अडीचशेची व्हायची. ऑस्ट्रेलियाच्या वाईनवरचं शुल्क २०२२च्या व्यापार करारानंतर उतरू लागलं. उलट, राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनला २००१च्या धोरणापासून उत्पादन शुल्कात सवलत मिळत आली. त्याच पैशात द्राक्षाचा वाटा जास्त हवा असेल, तर नाशिकची शिराझ किंवा झिनफँडेल ही नवख्यासाठी सरळ निवड आहे.

फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हे खोटं. ताज्या वाईनला ते बुचाइतकंच चांगलं, आणि बूच खराब निघण्याची धास्तीही नाही. जड बाटली, तळाचा खोल खड्डा यांचा चवीशी संबंध नाही. रेड वाईन गोडच असते, हा समज आपल्याकडच्या गोड 'पोर्ट' वाईनमुळे झाला; साधी रेड वाईन गोड नसते, तेव्हा बिघडली समजून ओतून देऊ नका. आणि "हृदयाला चांगली" म्हणून कुणी आग्रह करत असेल तर ऐकू नका. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, आणि त्यात वाईनही आली. जो पीत नाही त्याने औषध म्हणून सुरू करण्याचं काहीच कारण नाही.

रेड वाईन थंड करायची नाही, हा नियम मात्र भंडाऱ्यात मोडायलाच हवा. 'खोलीच्या तापमानाला प्या' हा सल्ला युरोपातल्या गार दगडी घरांचा, म्हणजे सोळा ते अठरा अंशांचा. आपल्या चौतीस अंशांच्या खोलीत वाईनमधला अल्कोहोल तेवढा नाकात चढतो, बाकी काही कळत नाही. फ्रीजमधून काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग ओता. समोर सावजी मटण असेल तर ती जास्तच गार असू द्या, आणि लाकडी पिंपात मुरवलेली तुरट, महाग कॅबर्ने त्या दिवशी उघडू नका. टॅनिन आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात, तर्रीपुढे त्या वाईनचं फळ उरतच नाही. कमी तुरट, स्वस्त, ताजी शिराझ तिथे जास्त शोभते. उरलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.