माशाच्या मेंदूतला सत्तापालट

आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या बर्टन सिक्लिड माशांमध्ये स्वतःची हद्द मोजक्याच नरांच्या वाट्याला येते. हे नर भडक रंगाचे, भांडखोर. डोळ्यावरचा काळा पट्टा ही त्यांची खूण. उरलेले नर फिकट, मादीसारखे दिसतात, झुंडीत वावरतात आणि त्यांचे प्रजनन जवळपास थंडावलेले असते.

अमेरिकेत रसेल फर्नाल्ड आणि सहकाऱ्यांनी टाकीतला वरचढ नर अंधारातच काढून घेतला. दिवे लागल्यावर काही मिनिटांतच एका फिकट नराच्या अंगावर रंग चढला, पट्टा उमटला आणि तो इतरांवर धावून जाऊ लागला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्याच्या मेंदूतल्या प्रीऑप्टिक भागात ‘ईजीआर-१’ हे जनुक झपाट्याने सक्रिय झालेले आढळले. आधीपासून हद्द राखून असलेल्या नरांत ते तितके सक्रिय नव्हते. मेंदूने संधी हेरली होती! पुढे याच भागातल्या, प्रजननाला चालना देणाऱ्या पेशी आकाराने वाढतात. हद्द गेली की पुन्हा आक्रसतात.

हा भाग आपल्याही मेंदूत आहे. त्यातल्या काही पेशी उंदरांना पिल्लांची काळजी घ्यायला लावतात, हे हार्वर्डच्या कॅथरीन ड्यूलॅक यांनी दाखवले. सस्तन प्राण्यांचे सामाजिक वागणे अशा अनेक भागांचे जाळे मिळून चालवते, ही कल्पना सारा न्यूमन यांनी १९९९ मध्ये मांडली. २०१२ मध्ये लॉरेन ओकॉनेल आणि हान्स हॉफमन यांनी माशांपासून सस्तन प्राण्यांपर्यंत ८८ प्रजातींची तुलना केली. जाळे बहुतांशी सारखेच निघाले. म्हणजे त्याचे मूळ सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजात असावे.

त्यातली रसायनेही जुनीच. सस्तन प्राण्यांतल्या ऑक्सिटोसिन या हार्मोनमध्ये नऊ अमिनो आम्ले असतात. माशांच्या आयसोटोसिनमध्ये त्यांपैकी फक्त दोन वेगळी.

तरीही ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचा हार्मोन’ म्हणणे घाईचे आहे. प्रेअरी व्होल हे उंदरासारखे प्राणी एकाच जोडीदाराशी घट्ट नाते जोडतात. जनुकीय बदल करून त्यांच्यातले ऑक्सिटोसिनचा संदेश टिपणारे ग्राही काढून टाकले, तरी जोड्या जमल्याच, असे २०२३ मध्ये दिसून आले. स्वमग्न मुलांना नाकावाटे ऑक्सिटोसिन देण्याच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीतही त्यांच्या सामाजिक वागण्यात लक्षणीय फरक पडला नव्हता.

एका रेणूवर आशा लावून बसलेल्या पालकांना हे सांगायलाच हवे. माणसे जोडण्याची ओढ अख्ख्या जाळ्यातून उपजते आणि उपचार शोधायचे तर ते जाळे आधी समजून घ्यावे लागेल. त्यासाठी माशांच्या टाकीसमोर घालवलेली वर्षे सत्कारणीच लागतात.