दोघांचे ‘आम्ही’

युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, स्लोव्हेनियन भाषेच्या नादाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमचा जन्म घोषणा देण्यात गेला. ठेका चुकला की घोषणा मरते, एवढे आम्हाला कळते. त्याच कानाने आम्ही ही भाषा ध्वनिमुद्रणांवरून ऐकली.

आल्प्स पर्वताच्या आसऱ्याला राहणारे सुमारे वीस लाख लोक ती बोलतात. तिचे पहिले छापील पुस्तक १५५० सालचे. स्वतंत्र राष्ट्र मात्र १९९१ साली लाभले. पहिल्या महायुद्धानंतर तिचा पश्चिमेकडील मुलूख इटलीकडे गेला आणि १९२३ च्या कायद्याने तिथल्या शाळांतून तिची हकालपट्टी सुरू झाली. घरात ती बोलली जातच राहिली.

प्रथम कानाला खडे लागतात. बोटाला ‘प्र्स्त’, चौकाला ‘त्र्ग’. लिहिताना स्वरच नाही! उच्चारात मात्र ‘र’च्या आधी एक निसटता ‘अ’ येतो. ‘स्मर्त’ म्हणजे मृत्यू. नाते सांगायला नकोच. पोलिश भाषेत आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर ठरलेला. इथे तो कुठेही पडतो, आणि दीर्घ स्वर येतो तो आघाताच्याच जागी. म्हणून बोलणे एका चालीचे राहत नाही, झोके घेते.

पण आम्ही थबकलो ते निराळ्याच ठिकाणी. ‘देलाम’ म्हणजे मी काम करतो, ‘देलावा’ म्हणजे आम्ही दोघे, ‘देलामो’ म्हणजे तिघे वा अधिक. शेजारचा पोरगा ‘पठामि, पठावः, पठामः’ घोकीत असे, ते एकदम आठवले. तोच म, तोच व, पुन्हा म! आपल्या मराठीने टाकलेले द्विवचन तिथे आजही बाजारात चालते.

एकदा आम्ही आणि एक सहकारी अशा दोघांनीच मालकाशी तडजोड केली आणि गेटवरच्या सभेत सांगितले, “आम्ही मान्य केले.” मागून आवाज आला, “आम्ही म्हणजे कोण?” सभा तिथेच मोडली. ल्युब्ल्यानात क्रियापदाच्या शेवटानेच आमचे बिंग फुटले असते. तिथे नसलेली एक सोय मात्र मराठीत आहे: ‘आपण’ म्हटले की समोरचाही त्यात येतो. त्या दिवशी तो शब्द आमच्या तोंडी आला नाही, आणि आला असता तर खोटा ठरला असता.

गंमत अशी की माणसाच्या दोन हातांना, दोन डोळ्यांना तिथे एरवी बहुवचनच लावतात. द्विवचन राहते ते दोन कामगारांना.