आठ सेकंदांचा हिशेब

सायकलवरून शाळेत येणाऱ्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. समोरून वारा असला की सायकल जड का लागते? याचे उत्तर सगळेच देतील. मग दुसरा प्रश्न विचारा : वारा अगदी पडलेला असताना जोरात सायकल मारली, तर तोंडावर जो वारा लागतो तो कुठून येतो? आता वर्गात थोडी चुळबुळ होते. 'आपणच तो तयार करतो' असे एखादी मुलगी म्हणाली, की आपला आजचा विषय सुरू करायला हरकत नाही.

हा विषय म्हणजे १९८९ सालच्या 'टूर दि फ्रान्स' या सायकल शर्यतीचा शेवटचा टप्पा. शर्यत तीन आठवडे चालली, एकूण अंतर सुमारे ३,२८५ किलोमीटर, आणि पहिल्या व दुसऱ्या स्पर्धकात शेवटी फरक पडला तो फक्त आठ सेकंदांचा. विजेत्या ग्रेग लेमॉण्डचा एकूण वेळ ८७ तास ३८ मिनिटे ३५ सेकंद होता. भागाकार केला तर हा फरक साधारण चाळीस हजारांत एक इतका येतो. दिवसाला दोन सेकंद चुकणारे मनगटी घड्याळ आपण उत्तम समजतो. तेवढ्याच चुकीने इथे हार-जीत ठरली.

आधी शर्यतीची रीत सांगितली पाहिजे. टूरच्या बहुतेक टप्प्यांत सगळे स्वार एकत्र सुटतात आणि घोळक्याने जातात. पुढचा स्वार हवा कापतो, मागचा त्याच्या आडोशाने जातो आणि त्याचे श्रम पाव ते एक तृतीयांश वाचतात. त्यामुळे बलवान आणि मध्यम स्वार तासन् तास एकाच घोळक्यात राहू शकतात. टाइम ट्रायलच्या टप्प्यात हा आडोसा काढून घेतलेला असतो. प्रत्येक जण एकटा सुटतो, मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने. एकूण क्रमवारीत जो शेवटचा तो प्रथम सुटतो, आणि पिवळी जर्सी घातलेला आघाडीवीर सर्वांत शेवटी. पुढच्याला गाठलेच, तरी त्याच्या मागे लपून जायला बंदी. युरोपात या प्रकाराला 'सत्याची शर्यत' म्हणतात. घड्याळ मात्र कोणासाठी थांबत नाही. याच १९८९ च्या टूरमध्ये लक्झेंबर्गला पहिल्याच दिवशी गतवर्षीचा विजेता पेद्रो देल्गादो सुटण्याच्या जागी २ मिनिटे ४० सेकंद उशिरा पोचला. तो वेळ तसाच त्याच्या खात्यावर चढला. तीन आठवड्यांनी तो तिसरा आला, ३ मिनिटे ३४ सेकंदांनी मागे.

टाइम ट्रायल पाहणाऱ्याला दोन स्वार शेजारी शेजारी दिसत नाहीत, म्हणून नवख्याला ती कंटाळवाणी वाटते. पण कागद-पेन्सिल घेऊन बसले, तर याच्याइतकी रंगतदार शर्यत दुसरी नाही. युक्ती अशी, की सेकंदांकडे न पाहता 'दर किलोमीटरला सेकंद' या मापाकडे पाहायचे.

२३ जुलै १९८९ ला हेच करून पाहू. टप्पा व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर. फ्रान्सचा लोराँ फिन्यों अमेरिकेच्या लेमॉण्डच्या ५० सेकंद पुढे होता. लेमॉण्डला जिंकायचे तर दर किलोमीटरला दोन सेकंदांहून थोडे अधिक मिळवायला हवे होते. हे शक्य होते का? दोन आठवड्यांपूर्वी दिनार ते रेन या ७३ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये लेमॉण्डने फिन्योंला ५६ सेकंदांनी मागे टाकले होते, म्हणजे दर किलोमीटरला पाऊण सेकंदापेक्षा किंचित जास्त. त्याच दराने २४.५ किलोमीटरमध्ये त्याला जेमतेम १९ सेकंद मिळाले असते. फिन्योंच्या बाजूचे लोक निर्धास्त होते ते काही उगाच नव्हे. हिशेब त्यांच्या बाजूचा होता.

लेमॉण्ड फिन्योंच्या दोन मिनिटे आधी सुटला. मधल्या वेळा आपल्याला सांगू नका, असे त्याने आपल्या माणसांना बजावले होते. साडेअकरा किलोमीटरवर फिन्योंचे २१ सेकंद गेलेले होते. इथे थांबून मुलांना त्रैराशिक मांडायला सांगावे. साडेअकरा किलोमीटरला २१, तर साडेचोवीसला किती? उत्तर येते पावणेपंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे निम्म्या वाटेवरचा अंदाज असा, की फिन्यों पाच सेकंदांनी जिंकणार! प्रत्यक्षात लेमॉण्डने २६ मिनिटे ५७ सेकंद घेतले. त्यात ५० मिळवले की फिन्योंची मर्यादा ठरली : २७ मिनिटे ४७ सेकंद. शाँझेलिझेच्या रुंद रस्त्यावर तो अजून पॅडल मारत असतानाच घड्याळाने हा आकडा ओलांडला. तो पोचला २७ मिनिटे ५५ सेकंदांनी. उरलेल्या १३ किलोमीटरमध्ये त्याचे ३७ सेकंद गेले होते. आधी दर किलोमीटरला १.८ सेकंद, नंतर २.८ सेकंद. त्रैराशिक चुकले नव्हते. 'दर तोच राहील' हे गृहीत चुकले होते.

आता या फरकाचे कारण काय? इथे पदार्थविज्ञान आले.

सायकलस्वाराच्या वाटेत हवेचा जो रोध असतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पण पायांना पुरवावी लागणारी शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाठ ताठ ठेवून ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला पाच मीटरने जाणाऱ्या माणसाला हवा कापण्यासाठी अदमासे ३८ वॅट लागतात. वेग तिप्पट केला तर तिप्पट नव्हे, सत्तावीस पट शक्ती लागेल, म्हणजे हजार वॅटच्या वर. अर्धा तास इतकी शक्ती देऊ शकणारा माणूस जन्माला आलेला नाही. तेव्हा उपाय एकच, हवेला समोरून दिसणारे शरीर लहान करणे. धड आडवे केले, कोपरे आत घेतली, डोके खाली घातले की रोध निम्म्यावर येऊ शकतो आणि शक्तीचा आकडा पाचशे वॅटवर उतरतो. त्यात टायर रस्त्यावर घासण्यापायी जाणारे पन्नासएक वॅट मिळवायचे. तरीही हा आकडा मोठाच आहे. लेमॉण्डचा सरासरी वेग ताशी ५४.५ किलोमीटर होता. तो साधला, कारण रस्ता एकंदरीत उताराचा होता आणि वाराही पाठीवर होता.

एकूण रोधात साधारण तीन चतुर्थांश वाटा स्वाराच्या शरीराचा असतो, सायकलीचा नव्हे. लेमॉण्डने नेमके इथेच काम केले होते. त्याच्या हँडलला पुढे एक लांब जोड होती. तिच्यावर कोपरे टेकवायची आणि हात जुळवून पुढे धरायचे, पाण्यात सूर मारणाऱ्यासारखे. ही कल्पना अमेरिकेतल्या ट्रायथलॉनच्या खेळातून आलेली होती. डोक्यावर मागे निमुळते होत गेलेले हेल्मेट होते. फिन्योंचे हँडल बैलाच्या शिंगांसारखे, हात एकमेकांपासून दूर ठेवणारे होते. डोके उघडे आणि मागे पोनीटेल उडत होती. मात्र त्याची दोन्ही चाके आऱ्यांऐवजी सपाट तबकडीची होती, तर लेमॉण्डचे फक्त मागचे.

दोघांच्या वेगातला फरक ३.६ टक्के. दोघांनी अगदी सारखीच शक्ती लावली असे समजू. मग लेमॉण्डचा हवेचा रोध किती कमी असायला हवा? १.०३६ चा घन करा : १.११. म्हणजे सुमारे दहा टक्के. निव्वळ बसण्याच्या ढबीतून इतका फरक पडणे सहज शक्य आहे. आता दुसरे गणित. फिन्योंला शर्यत वाचवायला फक्त आठ सेकंद हवे होते. त्याच्या १,६७५ सेकंदांत आठ म्हणजे अर्धा टक्का. त्यासाठी रोध दीड टक्क्यानेही कमी करावा लागला नसता. एक साधे हेल्मेट, कदाचित नुसते केस कापून घेणे एवढ्याने हे काम झाले असते, असे लोक म्हणतात ते या आकड्यावरून.

पण मला ही गोष्ट सांगण्याची नेहमीची तऱ्हा पटत नाही. हँडलने शर्यत जिंकून दिली, असे सरसकट लिहिले जाते. रेनच्या टाइम ट्रायलमध्येही लेमॉण्डकडे हेच हँडल होते आणि तिथे त्याला दर किलोमीटरला पाऊणच सेकंद मिळाला होता. हँडल काही दोन आठवड्यांत सुधारत नाही. शिवाय हँडलचा फायदा वाटभर जवळजवळ एकसारखा मिळायला हवा. दुसऱ्या भागात दर इतका वाढला तो केवळ त्याच्यामुळे म्हणता येत नाही. रस्ता दोन्ही भागांत एकसारखा नव्हता हे खरे, पण दुसरेही एक कारण होते. सीट घासून फिन्योंला जखम झाली होती आणि त्याला नीट बसता येत नव्हते. तीन आठवड्यांचा थकवा दोघांनाही होता, पण सारखाच होता असे थोडेच आहे? गापजवळच्या डोंगराळ टाइम ट्रायलमध्ये, जिथे चढामुळे वेग कमी आणि हवेचे महत्त्वही कमी, तिथेही लेमॉण्डने ४७ सेकंद मिळवले होते. तेव्हा पायांतला जोरही हिशेबात धरायला हवा.

प्रयोगशाळेच्या भाषेत बोलायचे तर हा एक वाईट प्रयोग होता. स्वार, हँडल, हेल्मेट, चाके, जखम, सगळे घटक एकाच वेळी बदललेले. त्यातून एक कारण वेगळे काढता येत नाही. आणि फरक जेव्हा इतका बारीक असतो, तेव्हा दीड टक्क्यापेक्षा मोठे असलेले प्रत्येक कारण 'निर्णायक' ठरते. हँडल नसते तर लेमॉण्ड हरला असता, हे खरे असण्याचा संभव मोठा आहे. जखम नसती तर फिन्यों जिंकला असता, हेही तितकेच संभवते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, त्यांत विरोध नाही. फिन्योंने १९८३ आणि १९८४ साली टूर जिंकली होती. तरी २०१० साली त्याचे निधन झाले तेव्हाही लोकांना आठवले ते हे आठ सेकंदच.

जाता जाता सरासरी वेगाविषयी. दहा किलोमीटर ताशी ४० ने गेलो आणि तेच दहा किलोमीटर ताशी ६० ने परत आलो, तर सरासरी किती? वर्गातले निम्मे हात ५० म्हणून वर जातात. उत्तर ४८ आहे, कारण मंद गतीच्या भागात आपण जास्त वेळ काढतो. टाइम ट्रायलचे स्वार हे गणित पायांनी जाणतात. उलटा वारा किंवा चढ असेल तिथे ते थोडी जास्त शक्ती खर्च करतात आणि उतारावर वाचवतात. कारण उतारावर दहा टक्के वेग वाढवायला तेहतीस टक्के जास्त शक्ती हवेत घालवावी लागेल.

चढाचा टप्पा असेल तर सगळे समीकरणच बदलते. २०२० च्या टूरमध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी ३६.२ किलोमीटरची टाइम ट्रायल होती आणि तिचा शेवट व्होज डोंगरातल्या एका तीव्र चढावर होता. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच आपल्याच देशाच्या तादेय पोगाचारपेक्षा ५७ सेकंद पुढे होता. त्या दिवशी तो १ मिनिट ५६ सेकंद जास्त घेऊन आला आणि ५९ सेकंदांनी टूर हरला. चढाच्या पायथ्याशी दोघांनीही थांबून हवा कापणारी जड सायकल सोडली आणि हलकी घेतली. थांबण्यात सेकंद जातात, तरी ते परवडते. चढावर वेग निम्म्याहून कमी, म्हणजे हवेचा वाटा अष्टमांशाच्या खाली. तिथे खरा खर्च वजन वर उचलण्याचा.

यातले हवेचे गणित शाळेतही तपासता येते. लांब, सौम्य उतार आणि त्यापुढे सपाट रस्ता असलेली, वाहने नसलेली जागा निवडावी. एका खुणेपासून पॅडल न मारता सायकल सोडायची आणि ती कुठे थांबते ते मोजायचे. एकदा ताठ बसून, एकदा हँडलवर वाकून. मुलगा तोच, सायकल तीच, टायरमधली हवा तीच. एका ढबीच्या पाचही फेऱ्या आधी आणि दुसरीच्या नंतर असे करू नये, आलटून पालटून कराव्यात. नाहीतर मध्येच वारा फिरतो आणि निष्कर्ष वाऱ्याचा निघतो. उतार फारच सौम्य असेल तर वेग येत नाही आणि फरकही दिसत नाही, तेव्हा आधी एक फेरी स्वतः मारून पाहावी.