घरातलं बिघडणं (भाग ७) : सादळलेली बिडी, मेलेला चुना

ताम्हिणी घाटात जुलै २०२४ मध्ये एकाच दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. मुळशी खोऱ्यात अशा दिवसांत मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही आणि ओढणाऱ्याची बिडी दोन झुरक्यांत विझते. मग बंडल चुलीच्या वैलावर ठेवलं जातं.

उपाय अगदी शास्त्रशुद्ध आहे. तेंदूचं पान भिजवून मऊ केल्याशिवाय वळता येत नाही, कोरडं पान चिरतं. हे पाणी काढण्यासाठी कारखान्यातही वळलेल्या बिड्या भट्टीत शेकतात. वैलावर तेच घडतं, आणि सादळलेली बिडी पुन्हा पेट घेते.

सिगारेटची तक्रार बहुधा उलटी असते. तिच्या तंबाखूत वजनाच्या साधारण १२-१३ टक्के पाणी असतं. वैशाखात पाकीट उघडं राहिलं की ते उडतं, तंबाखूचा भुगा होतो, सिगारेट भराभर जळते आणि धूर घशाला लागतो. पाणी धरून ठेवायला कारखानदार ग्लिसरीन मिसळतात. पाइपवाले डब्यात सफरचंदाची फोड टाकतात. ओलावा परत येतो, खरं. पण सुवासाची द्रव्यं हवेत उडून गेलेली असतात, ती फोड कुठून आणणार? ती डब्यातच विसरली तर बुरशी धरते, आणि बुरशी लागलेला माल फेकायचाच.

निपाणीच्या वखारींपासून टपरीवरच्या बरणीपर्यंत आणखी एक शत्रू समान आहे. दोन-तीन मिलिमीटरचा हा तपकिरी भुंगेरा तंबाखूत अंडी घालतो, अळ्या तंबाखू पोखरतात. घरातल्या हळदी-मिरचीत भोकं पाडणाराही बऱ्याचदा हाच.

चुन्याची गोष्ट तर निराळीच. तंबाखू मळताना चुना लागतो, कारण त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे निकोटिन मोकळं होऊन तोंडातून झपाट्याने रक्तात जातं. डबी उघडी राहिली की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि हळूहळू त्याचा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच पदार्थ, होतो. नुसता सुकलेला चुना पाण्याने मऊ पडतो. खडू झालेला भाग कितीही कालवला तरी चुना होत नाही.

एवढ्या खटाटोपात वाचणारा माल मात्र कधीच निरुपद्रवी होत नाही. वास गेला तरी निकोटिन बरंचसं टिकतं. ओलसर साठवलेल्या खाण्याच्या तंबाखूत काही जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि त्यातून कर्करोगकारक नायट्रोसमाइन वाढू शकतात. म्हणजे जुनी पुडी चवीला उतरते, पण घातकपणात चढूही शकते.

तेव्हा पावसाने बंडल सादळलंच असेल, तर ते वैलावर ठेवण्याआधी पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक फिरवून पाहावा. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीची ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत.